कुम हेलिगला न दिसलेलं केंद्र

आमच्या केंद्राचं नाव निघालं की हल्ली लोकांचे डोळे पाणावतात. वेल्श माणसांनी वेल्श माणसांसाठी काढलेलं टीव्ही केंद्र, आणि बिचारं नऊ महिन्यांत बंद पडलं! माझे डोळे नाही पाणावत. मी तिथं पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत नोकरीला होते आणि मला अजून राग येतो. राग कुणाकुणाचा येतो ते सांगते. त्यात मीही आहे.

केंद्राचं नाव तेलेदी एरेरी. कारनार्वनच्या धक्क्यावर लोकरीचं एक जुनं गोदाम होतं, त्यात आमचा स्टुडिओ. पाऊस जोरात आला की पत्र्याच्या आवाजात बातम्या ऐकू जायच्या नाहीत, मग बातम्या देणारा थांबायचा आणि आम्ही मेंढ्यांचं चित्र दाखवायचो. आठवड्याला दहा तास वेल्शमधून कार्यक्रम, उरलेला वेळ विकत घेतलेल्या इंग्रजी मालिका, आणि मध्ये मध्ये जाहिराती, कारण केंद्र चालायचं ते जाहिरातींवर. साबणाच्या जाहिरातीचं वेल्श मीच करायची. 'धुतल्यावर अधिक शुभ्र' हे वेल्शमधून म्हटलं की थेट चॅपलमधल्या प्रार्थनेसारखं वाटायचं, आणि आम्ही पोट धरून हसायचो.

बासष्टच्या सप्टेंबरात सुरू झालो. लंडनच्या प्रसारण मंडळानं परवाना देताना प्रक्षेपणाचे तीन मास्ट, म्हणजे उंच मनोरे, कबूल केले होते. उद्घाटनाच्या दिवशी उभा होता एकच, तोही किनाऱ्यावर. त्याचं निम्मं प्रक्षेपण समुद्रावर जायचं. आमचा कॅमेरामन इद्वाल म्हणायचा, "आपले खरे प्रेक्षक मासे. एक तक्रार आली आहे का त्यांची आजवर?"

डोंगरातल्या खोऱ्यांसाठीचा मास्ट ऑक्टोबरात येणार होता. मग जानेवारीत. जानेवारीत असा बर्फ पडला की मेंढ्या उभ्याउभ्या गोठल्या, मग वसंतात. माझं गाव कुम हेलिग त्याच डोंगरांत, दोन कड्यांच्या मागे. सगळं गाव पाटीच्या दगडाच्या खाणीवर जगलेलं, छपरांची कौलं त्याच दगडाची. लहान पोरापासून म्हाताऱ्यापर्यंत तिथं सगळे वेल्श बोलतात, आणि तिथं आमचं केंद्र दिसायचं नाही. मँचेस्टरचं इंग्रजी केंद्र मात्र लख्ख दिसायचं. ज्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप, तेच आंधळे. आणि जिथं आम्ही दिसत होतो तिथले लोक तरी काय? "बाई गं, एरियल फिरवायला छपरावर कोण चढणार? मँचेस्टरवर कुस्ती छान लागते." हे मला माझ्या सख्ख्या मावशीनं सांगितलं. तेव्हापासून मी तिच्याकडे चहाला गेले नाही.

ही नोकरी मला मिळवून दिली डॉक्टर पेनाँटनी. ते आधी सांगायला हवं, नाहीतर मी कृतघ्न आहे हे तुम्हाला दुसरं कुणीतरी सांगेल. डॉक्टर मोरिस पेनाँट तीस वर्षं कुम हेलिगच्या खाणीच्या दवाखान्यात डॉक्टर. चॅपलच्या पंचांत पहिले. दरवर्षीच्या कविसंमेलनात व्यासपीठावर. घरात इंग्रजी बोलणाऱ्या सुनेला त्यांनी वर्षभर वेल्श शिकायला लावली, तोवर तिच्याशी अवाक्षर बोलले नाहीत, अशी त्यांची ख्याती. केंद्र काढायला गावोगाव फिरून ज्यांनी लोकांना भरीला घातलं त्यांत ते पुढे, आणि मग संचालकांतही. मुलाखतीच्या टेबलावर तेच म्हणाले, "ही नेस्ता. आपल्या खाणीतल्या एल्विडची मुलगी. शाळेत शिकवते. हिची भाषा ऐका, दगडातून झरा फुटावा तशी आहे." मी लाजले. शाळेचा राजीनामा दिला.

माझे वडील मी चौदा वर्षांची असताना गेले. आम्ही त्यांना तादा म्हणायचो. शेवटची दोन वर्षं ते खुर्चीत बसून झोपायचे, कारण आडवं झालं की श्वास अडकायचा. डॉक्टरांनी मृत्यूच्या दाखल्यावर ब्राँकायटिस लिहिलं. मोठ्या माणसानं लिहिलं, आम्ही मान डोलावली.

केंद्रावर माझा दर गुरुवारी एक कार्यक्रम असायचा, 'चुलीपाशी'. एखाद्या घरी जायचं, घरातल्या माणसाला बोलतं करायचं. लोणी काढणारी बाई, घड्याळं दुरुस्त करणारा पाद्री, असं. फेब्रुवारीच्या शेवटी बर्फ वितळून रस्ते मोकळे झाले तेव्हा मी इद्वालला म्हटलं, चल, माझ्या गावी जाऊ, कारादोग काकांकडे.

कारादोग पॅरी हे तादांचे जोडीदार. दोघं दगड कापायच्या एकाच शेडमध्ये शेजारशेजारच्या करवतींवर बावीस वर्षं होते. तादा गेल्यावर आमच्या घरी कोळसा टाकायला तेच यायचे, न विचारता. चॅपलच्या गायनात त्यांचा खर्ज असा होता की पुढच्या बाकावर बसलं तर बाक हलायचा. आता ते गात नव्हते. माझ्या डोक्यात होतं की खाणीत जेवणाच्या सुट्टीत माणसं कशी गायची, वाद घालायची, त्या आठवणी घ्याव्यात. गोड कार्यक्रम. शपथेवर सांगते, त्याहून जास्त काही माझ्या मनात नव्हतं.

काका आधी नकोच म्हणत होते. "माझं थोबाड कशाला दाखवतेस? मासे घाबरतील." इद्वालचा विनोद तोवर गावापर्यंत पोचला होता.

"काका, लोकांना कळू दे ना," मी म्हटलं.

मारेद काकू चुलीपाशी उभी होती. काकांच्या शर्टाचं वरचं बटण तिनं लावून दिलं आणि बाजूला झाली.

कॅमेरा सुरू झाला. काकांनी गाण्याची एक आठवण सांगायला सुरुवात केली आणि वाक्याच्या मध्येच थांबले. श्वास घेतला. तो श्वास मी आयुष्यात विसरणार नाही. खडीवरून लाकडी पेटी ओढत न्यावी तसा आवाज. इद्वाल कानाला यंत्र लावून बसला होता, त्यानं माझ्याकडे पाहिलं, थांबवू का म्हणून. मी मान हलवली, नको.

"काका, दम कधीपासून लागतो?"

"पूर्वी कड्यावर चढताना लागायचा. मग जिना चढताना. आता बुटाची नाडी बांधताना लागतो." ते हसले. "म्हणून ही बांधते. छप्पन्न वर्षांचा बाप्या, आणि बायको बूट घालते."

"शेडमध्ये धूळ असायची?"

"असायची म्हणजे? करवत सुरू झाली की समोरचा माणूस दिसायचा नाही. गिरणीत पीठ उडतं ना, तसं. दुपारी भाकर उघडली की तीवर करकरीत थर. थुंकलं तर राखाडी. आम्ही म्हणायचो, चला, आज कौलं थुंकली."

"डॉक्टर काय म्हणतात?"

"डॉक्टर म्हणतात चहा." पुन्हा तो श्वास. "खाणीतली माणसं चहा फार उकळतात, दिवसभर तेच काळं पाणी पितात, त्यानं छाती बिघडते. तीस वर्षं हेच ऐकतोय. पाटीच्या दगडाची धूळ निरुपद्रवी असते म्हणे, उलट फुप्फुसं साफ ठेवते. मी चहा सोडला की गं पाच वर्षं! आणि तुझा बाप, माझ्या शेजारच्या करवतीवरचा एल्विड, त्यानं तर चहा कधी तोंडालाही लावला नाही. ताक प्यायचा तो. किटलीतून ताक घेऊन यायचा. सगळे हसायचे त्याला."

मला तादांची ती किटली आठवली. निळी, टवका उडालेली. मी रोज सकाळी ती धुऊन त्यात ताक भरून द्यायची. माझ्या हातानं. आणि बारा वर्षं माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही की माझे वडील चहा पीत नव्हते.

पुढचा प्रश्न मला सुचेना. इद्वालनं कॅमेरा चालूच ठेवला. काका श्वास घेत राहिले.

आमचे कार्यक्रमप्रमुख एम्लिन रीस. भला माणूस. भल्या माणसांचा मला हल्ली कंटाळा येतो. त्यांनी फिल्म पाहिली, चष्मा पुसला आणि म्हणाले, "नेस्ता, आपण यासाठीच हे केंद्र काढलं." मी म्हटलं, श्वासाचे आवाज कापायचे नाहीत. ते मान हलवून म्हणाले, एकही नाही. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यातला गुरुवार ठरला. मी काकांना पत्र टाकलं.

त्या गुरुवारी दुपारी बाराला डॉक्टर पेनाँट स्टुडिओत आले. त्यांना कुणी सांगितलं ते मला आजही माहीत नाही. एम्लिननीच सांगितलं असावं, परवानगी मागायची सवय असते भल्या माणसांना. डॉक्टरांनी हॅट मांडीवर ठेवून सगळी फिल्म शांतपणे पाहिली. दिवा लागला.

"नेस्ता बाख," ते म्हणाले. लहान मुलीला म्हणतात तसं. "सुंदर केलं आहेस. भाषा काय सोन्यासारखी आहे कारादोगची. पण हे आत्ता दाखवता येणार नाही."

"का?"

"वैद्यकीयदृष्ट्या बेजबाबदार आहे. एक अडाणी माणूस आजाराबद्दल मत देतोय. आणि आत्ता केंद्राची अवस्था नाजूक आहे. लंडनची माणसं निमित्त शोधतायत. खाणमालकांचे तिथं हात पोचलेले आहेत. एक कार्यक्रम, आणि सगळं संपेल. हे भाषेसाठी आहे, बेटा. थोडं सोसायला हवं."

"भाषेसाठी काय सोसायचं, डॉक्टर? माणसांनी त्या भाषेत तोंड उघडायचं नाही, हे?"

"आवाज खाली."

"त्यांनी हे इंग्रजीत सांगितलं असतं तर तुम्ही हरकत घेतली असतीत?"

"नेस्ता!" एम्लिन म्हणाले.

"माझे वडील ताक प्यायचे," मी म्हटलं.

डॉक्टरांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जणू ताप चढलेला पेशंट बरळतोय. मग एम्लिनकडे वळून म्हणाले, "पहाडी गायकमंडळाची फिल्म तयार आहे ना? ती लावा." आणि एम्लिननी मान हलवली. जी मान काही दिवसांपूर्वी माझ्यासमोर हलली होती, तीच.

मी भांडले. तीनपर्यंत भांडले, चारपर्यंत भांडले. एम्लिनच्या टेबलावरची शाईची दौत भिंतीवर फेकली, तो डाग गोदामाच्या भिंतीवर शेवटपर्यंत होता. पण एक गोष्ट मी केली नाही. कारादोग काकांना तार करायची. रागाच्या भरात सुचलंच नाही. राग फार स्वार्थी असतो, स्वतःकडेच बघतो.

तिकडे काकांनी काय केलं होतं? कुम हेलिगला आम्ही दिसत नाही, म्हणून त्यांनी मारेद काकूला घेऊन दोन बस बदलून पूलहेलीला भावाचं घर गाठलं होतं. तिथं दिसायचो आम्ही. रविवारचा काळा सूट, कडक कॉलर. भावाच्या घरी शेजारपाजारची दहा-बारा माणसं जमली होती, आपल्यातला माणूस टीव्हीवर दिसणार म्हणून. कारादोग पॅरी खुर्चीत ताठ बसले आणि पडद्यावर पंचवीस माणसं तोंड उघडून भजन गायला लागली.

शनिवारी मी माफी मागायला गेले. काका खुर्चीतच होते.

"बरं गायले गं ते," म्हणाले. "दुसऱ्या कडव्यात खर्ज कमी पडला. बाकी बरं गायले."

मारेद काकूनं मला बसही म्हटलं नाही. "टाय लावून बसला होता," ती म्हणाली. "बसमधून दोनदा उतरावं लागलं, दम लागला म्हणून. तुला तो नको म्हणत होता. तू म्हणालीस, लोकांना कळू दे. कुठल्या लोकांना, नेस्ता?"

मी रडायला लागले तर तिनं रागानं हातपुसणं माझ्या अंगावर फेकलं. "रडायचं असेल तर बाहेर जाऊन रड. ह्याला रडणं ऐकवत नाही."

मे महिन्यात केंद्र बंद झालं. लंडनहून पत्र आलं. प्रेक्षकसंख्या अपेक्षेपेक्षा फारच कमी, त्यामुळे जाहिरातदार नाहीत, त्यामुळे स्थानिक कार्यक्रम स्थगित, आणि केंद्र दक्षिणेकडच्या एका मोठ्या इंग्रजी कंपनीच्या स्वाधीन. मास्ट उभारले नाहीत त्यांनी, आणि प्रेक्षक नाहीत हा दोष आमचा. माणसाचे हात बांधायचे आणि वर म्हणायचं, बघा, हा टाळ्या वाजवत नाही.

शेवटच्या दिवशी सगळ्यांना स्टुडिओत गोळा केलं. डॉक्टर पेनाँट बोलायला उभे राहिले. बोलणं उत्तमच, नेहमीसारखं. आवाज कापत होता, आणि मला वाटतं तो खरोखरच कापत होता. तेच मला सहन झालं नाही. "आज आपल्या भाषेच्या छातीवर घाव बसला आहे," ते म्हणाले. "तिचा श्वास कोंडला आहे."

"ब्राँकायटिस असेल, डॉक्टर," मी म्हटलं.

इद्वालला हसू फुटलं. बाकी कुणी हललं नाही. डॉक्टरांचा चेहरा पांढरा पडला, आणि त्या एका क्षणी मला कळलं की त्यांना माझं म्हणणं नीट समजलंय. चहाच्या गोष्टीवर त्यांचा स्वतःचा विश्वास असता तर ते असे पांढरे पडले नसते.

फिल्मची सगळी रिळं एका भंगारवाल्याला जाणार होती. वितळवून त्यातली चांदी काढतात. इद्वालनं यादी केली आणि संध्याकाळी माझ्या हातात बिस्किटांचा एक डबा दिला. "घरी जाऊन उघड. बिस्किटं नाहीत. हे रीळ माझ्या यादीत नाही."

मी गावी परतले. शाळेनं पुन्हा घेतलं. जूनमधल्या एका सोमवारी सकाळी कारादोग काका गेले.

मंगळवारी मारेद काकूनं बोलावलं. स्वयंपाकघराच्या टेबलावर मृत्यूच्या दाखल्याचा कागद होता, त्यावर मिठाची बरणी ठेवलेली, उडू नये म्हणून. "वाच," ती म्हणाली. वाचलं. हृदयाची दुर्बलता आणि ब्राँकायटिस. खाली मोरिस पेनाँट, घोटीव अक्षरात.

"हा घेऊन मी नोंदणी कचेरीत जायची नाही," काकू म्हणाली. "दुसरा लिहा म्हटलं तर म्हणाले, मारेद, दुःखात माणूस असं बोलतं. ती फिल्म तुझ्याकडे आहे?"

"आहे."

"दाखव. गावाला दाखव. मग मी त्याला पुरते."

शाळेत सोळा मिलिमीटरचा प्रोजेक्टर होता. हेडमास्तरांकडे किल्ली मागितली, त्यांनी कशासाठी हे न विचारता काढून दिली. बुधवारी चहाच्या वेळेनंतर चॅपलच्या मागच्या सभागृहात सगळे जमले. बाहेर लख्ख ऊन, म्हणून खिडक्यांना घोंगड्या लावल्या. दीडशे माणसं असतील, काही भिंतीला टेकून. डॉक्टर पेनाँट पहिल्या बाकावर, पंचांच्या जागी. त्यांना वाटलं असावं शोकसभा आहे. प्रोजेक्टर दिसला तेव्हा ते उठायला लागले, पण मारेद काकू त्यांच्या शेजारी येऊन बसली आणि त्यांच्या बाहीवर हात ठेवला. त्या हाताखालून उठून जाणं त्यांना जमलं नाही.

कारादोग काका भिंतीवर आले. मासे घाबरतील म्हणाले, लोक हसले. कौलं थुंकली म्हणाले, म्हातारे खाणवाले मोठ्यानं हसले. चहा म्हणाले, तेव्हा तर कुणीतरी ओरडलं, "सांग, कारादोग, सांग!" मग ताक आलं. मग मी गप्प झालेली, आणि कॅमेरा चालू, आणि नुसते श्वास. एकामागून एक. भिंतीवरचा माणूस मेलेला, आणि श्वास घेतोय. मी पाहिलं तर मधल्या रांगेतली चार-पाच माणसं नकळत त्याच लयीत श्वास घेत होती. ती लय त्यांच्या छातीत आधीपासून होती.

फिल्म संपली. घोंगड्या काढल्या. मारेद काकू उभी राहिली, कागद डॉक्टरांसमोर धरला.

"हा परत घ्या, डॉक्टर."

"मारेद, ही जागा नव्हे."

"हीच जागा. इथंच तो गायचा."

मागून हना नावाची एक म्हातारी बोलली, जिचं नाव मी गावाबाहेर कधी कुणाकडून ऐकलं नाही. "माझ्याकडेही असलाच कागद आहे. दोन आहेत. नवऱ्याचा आणि थोरल्याचा." मग दुसऱ्या बाजूनं, "माझ्याकडे पण." मी माझा हात वर केला. आणखी हात वर झाले. मोजले नाहीत मी.

डॉक्टर उभे राहिले. त्यांना बोलायची सवय होती, गप्प राहायची नव्हती, आणि त्यानंच त्यांचा घात झाला.

"काय लिहायला हवं होतं मी?" ते म्हणाले. "धूळ लिहिलं असतं तर मालकांनी शेड बंद केल्या असत्या. मग तुम्ही काय खाल्लं असतंत? मँचेस्टरला गेला असतात. बर्मिंगहॅमला. तुमच्या पोरांनी वेल्शचं अक्षर उच्चारलं नसतं. हे गाव, हे चॅपल, ही भाषा, सगळं त्या खाणीवर उभं होतं. मी ते वाचवलं."

प्रोजेक्टरचा गरम पत्रा थंड होताना टकटक वाजत होता.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं," मारेद काकू म्हणाली.

डॉक्टरांनी हॅट उचलली. जाताना वाट द्यायला कुणी सरकलं नाही, त्यांना बाकाबाकाला धरत, आडवं होत बाहेर जावं लागलं. कुणी हात लावला नाही, कुणी शिवी दिली नाही. मला द्यायची होती. आजही वाटतं, द्यायला हवी होती.

दुसऱ्या दिवशी काकूच्या वतीनं मी तो कागद नोंदणी कचेरीत नेला आणि सभेत डॉक्टर काय बोलले ते सांगितलं; तिथल्या बाईंनी तो नोंदवायला नकार दिला आणि प्रकरण चौकशीकडे पाठवलं. काकांचं शवविच्छेदन झालं. ज्या तरुण डॉक्टरनं केलं तो म्हणाला, फुप्फुसावरून सुरी नेताना खरखरली. चौकशी इंग्रजीतून झाली. काकूला इंग्रजी येत नव्हती, तेव्हा दुभाषी म्हणून मी उभी राहिले. अधिकाऱ्यानं विचारलं, मयताला चहाचं व्यसन होतं का? मी भाषांतर केलं. काकू म्हणाली, "याला सांग, मूर्ख आहेस." मी तेही भाषांतर केलं. निकाल लागला, धुळीनं मृत्यू.

आणि त्यानं काय झालं? काही नाही. खाणीच्या कंपनीनं नाव बदललं, मग कामकाज गुंडाळलं, आणि ज्याच्याकडे भरपाई मागावी असा कुणी उरलाच नाही. पाटीच्या दगडाच्या धुळीनं मेलेल्यांसाठी कायदा झाला तो सोळा वर्षांनी. तोवर काकू गेली होती, हना गेली होती. चौसष्टच्या वसंतात आमच्या डोंगरावर मास्ट उभा राहिला, त्या इंग्रजी कंपनीसाठी. चित्र अगदी स्वच्छ यायचं.

डॉक्टर पेनाँट गाव सोडून किनाऱ्याला राहायला गेले. केंद्राविषयी त्यांनी पुढं मासिकात एक लेख लिहिला, लोक तो अजून वाचतात आणि डोळे पुसतात. त्यात लंडनवर सगळा दोष आहे. लंडनचा दोष आहेच. पण लंडननं आमचा मास्ट रोखला, माझ्या काकांचं तोंड नाही. ते आमच्यातल्याच एकानं रोखलं, उत्तम वेल्शमधून.

काकांच्या थडग्याच्या दगडावर काय कोरायचं, हे विचारायला चॅपलचे उरलेले पंच मारेद काकूकडे आले होते. मी तिथंच होते. 'प्रभूच्या कुशीत निजला' असं घालू, म्हणाले.

"निजला नाही," काकू म्हणाली. "आडवं होताच यायचं नाही त्याला. खुर्चीत बसून गेला. लिहा, कारादोग पॅरी, करवतीवरचा कामगार, धुळीनं मारला."

"मारेद, चॅपलच्या आवारात असं चालत नाही."

"मग आवाराबाहेर पुरा."

त्यांनी आपसात कुजबुज केली. थोरले पंच म्हणाले, निदान 'मारला'च्या जागी 'गेला' करू. काकूनं उठून दार उघडलं आणि ते बाहेर पडेपर्यंत धरून ठेवलं. दगड तिनं स्वतः जाऊन कोरून घेतला. पंचांनी तो हलवायला सांगणारी तीन पत्रं पाठवली. तिन्ही तिनं माझ्याकडून मोठ्यानं वाचून घेतली, आणि प्रत्येक वेळी म्हणाली, "पुन्हा वाच. भाषा बघ काय छान आहे."